नष्टजातक

"पत्रिका आणली आहेस?" असे हेडमास्तरांनी विचारले, तेव्हा त्यांच्या स्वरात दुष्टावा नव्हता. ठाण्याच्या त्या हायस्कुलात आलेल्या माणसाला छत्री दाराशी ठेवायला ते ज्या सहजतेने सांगत, त्याच सहजतेने त्यांनी ते विचारले होते. आणि मालनच्या मनाला धक्का बसला तो त्या सहजतेचाच. तोवर सारे सुरळीत चालले होते. हेडमास्तरांनी तिच्याकडून इंग्रजीचे एक पान वाचून घेतले होते, एका श्लोकाचा अन्वय करवून घेतला होता, भूमितीचा एक सिद्धान्त पाटीवर मांडायला लावला होता, आणि त्रिकोणाची तिसरी बाजू तिने ओढली तेव्हा ते नकळत "हं" असे म्हणाले होते. कोणत्याही शाळेत नाव नसलेल्या उमेदवारालाही विद्यापीठाच्या मॅट्रिक्युलेशनच्या परीक्षेस खाजगी रीतीने बसता येत असे. मुलींना ते दार उघडून पाचएक वर्षे झाली होती. अट इतकीच, की वयाची सोळा वर्षे पुरी आहेत आणि वर्तन चांगले आहे, असे एखाद्या हेडमास्तराने आपल्या सहीने लिहून द्यावे. अर्ज शनिवारी मुंबईस रवाना व्हायचे होते. आज मंगळवार होता.

"नाही," मालन म्हणाली.

"हरवली?"

"नव्हतीच."

हेडमास्तरांनी टाक खाली ठेवला. "मुली, या टेबलावरून किती मुलं मी मुंबईला पाठवली असतील. गरीब पाठवली, मंद पाठवली, एक तर जवळजवळ आंधळा होता. पण बिनपत्रिकेचा कोणी आला नाही. जन्मलेल्या माणसाला वेळ असतेच."

"असेल, रावसाहेब. मला ती कोणी सांगितलेली नाही."

"मग सोळा पुरी झाली हे मी कशावरून लिहू? तुझ्या उंचीवरून?" ते खरोखरच अडचणीत सापडल्यासारखे दिसले. मग जरा मृदू होऊन म्हणाले, "शनिवारच्या आत काही आधार मिळाला तर ये. विद्येत खोट नाही तुझ्या. पण विद्येला आधी देह लागतो, आणि देहाला जन्म लागतो."

परतीच्या गाडीत ते वाक्य तिच्याबरोबर बसले होते. डब्यात माणसे थोडी होती. कळव्याच्या बाजूला खाडी भरतीने फुगली होती, मिठागरांच्या कडेला मिठाचे ढीग आश्विनाच्या उन्हात पांढरे दिसत होते. देहाला जन्म लागतो. मालनने आपला हात गुडघ्यावर ठेवून पाहिला. सडपातळ, सावळा, नखांशी पाटीच्या खडूची भुकटी असलेला हात; तो होता, याविषयी निदान त्याला स्वतःला शंका नसावी. जन्म नावाची वस्तू इतर माणसांच्या घरी कोठेतरी गुंडाळून ठेवलेली असते, विवाहाच्या वेळी बाहेर काढतात, हळदकुंकवाची बोटे तिला लागलेली असतात, हे तिने ऐकले होते. कल्याणच्या अनाथाश्रमातल्या मुलींजवळ तसे काही नव्हते. दरवर्षी आश्रम चालवणारी मंडळी दसऱ्याला येत, मुलींना ओळीने उभे करीत, आणि पाहुण्यांना सांगत, या दुष्काळातल्या. अमक्याच्या, तमक्याच्या असे नव्हे, दुष्काळातल्या. जणू त्या मोठ्या दुष्काळानेच त्यांना प्रसवले होते आणि स्वतःचे पोट भरल्यावर आगगाडीत घालून देशावरून खाली धाडून दिले होते. लहानपणी मालनला त्यात वावगे वाटत नसे. थोडी मोठी झाल्यावर तिच्या ध्यानात आले, की पाहुणे ते ऐकताच तिच्या तोंडाकडे न पाहता मनगटांकडे पाहतात. हाडे अजून दिसतात का, ते. त्या दिवसापासून ती दसऱ्याला हात पदराखाली घेऊन उभी राहू लागली होती. आज हेडमास्तरांनी तिच्या तोंडाकडे पाहिले होते, अक्षराकडे पाहिले होते, आणि तरीही शेवटी प्रश्न येऊन थांबला तो मनगटांपाशीच.

"अगो पोरी, तोंड पाडून काय बसलीस?" शेजारी बसलेल्या बिट्रिसबाई म्हणाल्या. त्या मूळच्या ठाण्याच्या किरिस्तावांपैकी. कल्याणला आगगाडीवाल्यांच्या मुलांना शिकवीत, आणि मालनला इंग्रजी आले ते सर्व त्यांच्यामुळे. "आमच्या पाद्रीबाबाकडं चल. डोक्यावर पाणी घालील नि लिहून देईल. नाव मिळेल, दाखला मिळेल, वर नाताळच्या करंज्या."

"आणि जन्म?"

"तो काय, पाणी घातलं तो दिवस." बिट्रिसबाई क्षणभर थांबल्या, आणि मग त्यांचे मोठे अंग हसण्याने हलू लागले. "नाही गो, ते नाही जमायचं. आज जन्मलीस असं होईल. मग बस सोळा वर्षं वाट बघत, नि मी मरेन तोवर."

मालनही हसली. समोरच्या बाकावरच्या गृहस्थाने दोघींकडे रागाने पाहिले, म्हणून बिट्रिसबाईंनी त्याला मुद्दाम वेळ विचारली. पण हसू ओसरल्यावर मालनला कळले, की त्या विनोदात आणि हेडमास्तरांच्या प्रश्नात फारसे अंतर नव्हते. कोणीतरी काहीतरी ओतल्याखेरीज, कोणीतरी काहीतरी लिहिल्याखेरीज, ती अजून व्हायचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुंडिराजशास्त्री नित्याप्रमाणे आश्रमात आले. मुलींना स्तोत्रे शिकवण्यासाठी मंडळींनी त्यांना नेमले होते. स्तोत्रे संपली तेव्हा मालनने अर्थ विचारला होता, अर्थ संपला तेव्हा तो तसाच का, हे विचारले होते, आणि अशा रीतीने व्याकरण व काव्य सुरू झाले होते. ते ओसरीवर आसन टाकून बसत. ती खाली अंगणात. पाठ झाला, की शास्त्रीबोवा शेणाळ्याच्या तळ्यावर जाऊन स्नान करीत आणि ओल्या धोतरानिशी घरी परतत. कारण तिचे कुळ कोणास ठाऊक नव्हते. ते यात काही लपवीत नसत, आणि तिनेही त्याविषयी कधी विचारले नव्हते. पौषातल्या थंडीतही ते तळ्यात उतरत. एखाद्या वृद्ध माणसाने आपल्याला समास शिकवण्यासाठी प्रत्येक दिवशी गारठून जावे, याला अपमान म्हणावे की तप, हे मालनला कधी ठरवता आले नव्हते. दोन्ही त्या एकाच ओल्या धोतराला चिकटून असल्यासारखे तिला वाटे.

तिने ठाण्याची हकीगत सांगितली. शास्त्रीबोवांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत तिने कधी न पाहिलेली एक उत्सुकता होती.

"नष्टजातक करता येईल," ते म्हणाले. "ज्याचा जन्मकाळ नष्ट झाला आहे, त्याचा शोध प्रश्नकाळावरून घेतात. मनुष्य ज्या क्षणी तळमळून विचारतो, त्या क्षणात त्याचा जन्म प्रतिबिंबासारखा उतरलेला असतो. प्रत्येकाच्या घरी सुइणीशेजारी जोशी बसलेला नसतो, हे पूर्वाचार्यांना ठाऊक होतं, मालन. तुझ्यासारख्यांना त्यांनी बाहेर ठेवलेलं नाही."

ते ऐकून तिच्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा होता. ज्या विद्येपुढे ती इतकी वर्षे अंगणात बसून हात जोडीत आली, त्या विद्येने तिच्यासाठी फार पूर्वीच एक वाट राखून ठेवली होती. विद्यापीठ काल जन्मलेले. ही वाट त्याच्याहून किती जुनी. शास्त्रीबोवांनी अंगणात काठी उभी करून तिची सावली मोजली, पंचांग उघडले, तिला एका फुलाचे नाव घ्यायला सांगितले. ती "तेरडा" म्हणाली. मग ते पाटीवर आकडे मांडीत राहिले, पुसून पुन्हा मांडीत राहिले. आत गंगुबाई, आश्रमाची विधवा गृहकर्ती, मुलींवर खेकसत होती, की भाताची पेज उतू चालली आणि तुमचे लक्ष बाहेर. अंगणात मात्र एक गंभीर शांतता उतरली होती, देवळातल्या गाभाऱ्यात असते तशी. आणि त्या शांततेत आपण कोठेतरी हळूहळू जन्माला येत आहो, असे मालनला वाटले.

"माघ महिना," शास्त्रीबोवा म्हणाले. "कृष्णपक्ष, रात्रीचा जन्म. नदीकाठचं गाव. अठरावं चालू आहे तुला, म्हणजे वयाची चिंता मिटली." मग त्यांचे बोट पाटीवरच्या कुंडलीतल्या एका घरावर थांबले. "गुरू फार बलवान आहे. हे विद्वानाचं घर. ब्राह्मणाचंच असावं." त्यांनी वर पाहिले, आणि पाच वर्षांत प्रथमच ते तिच्याकडे पाहून मोकळेपणी हसले. "आता मला तळ्यावर जावं लागणार नाही, पोरी."

त्यांनी तिला पोरी म्हटले होते. मालन त्या शब्दात काही काळ तशीच बसून राहिली. माघातली रात्र, नदीकाठ, समईचा उजेड, उपरणे सावरून खोलीबाहेर येरझाऱ्या घालणारा कोणी एक पिता; हे सारे तिच्याभोवती असे काही गोळा झाले, की ते आठवतेच आहे असा भास व्हावा. किती सोपे होते ते. ओसरीची पायरी केवळ एक होती. आपण इतकी वर्षे अंगणात बसलो ते चुकून, एखाद्या विवाहात गर्दीमुळे आपलेच माणूस बाहेरच्या पंक्तीला बसावे तसे. आता कोणीतरी ओळखून हाताला धरून आत नेत होते. आणि त्या हाताला ती धरणार, इतक्यात शास्त्रीबोवा पाटीकडे पाहत म्हणाले, "मातृस्थानी मात्र पापग्रह आहे. आई लगेच गेली. बारशाच्या आत."

मालनच्या मानेला, मागच्या बाजूला, केसांच्या मुळाशी काहीतरी उष्ण लागले.

तो हात होता. तिला तोंड आठवत नव्हते, आवाज आठवत नव्हता, नाव तर नव्हतेच. पण तो हात होता, भेगाळलेला, भेगांत माती भरलेला, ज्वरासारखा तापलेला. देशावरचे माळरान, त्यावरून दूरवर गेलेला मातीचा लांबच लांब भराव, आणि त्या भरावावर मुंग्यांसारखी माणसे. दौंडाहून मनमाडास जाणारा लोहमार्ग बांधला जात होता, आणि उपाशी माणसांना सरकार त्यावर माती टाकायला लावून जगवीत होते. सात वर्षांवरची मुले कामावर घेत आणि त्यांना मजुरी देत. त्याखालच्यांना मूठभर दाणे. कोण सातवर आणि कोण सातखाली, हे ठरवायला मुकादमाजवळ पत्रिका नव्हती. तो मुलांना रांगेत उभे करून म्हणे, डावा हात डोक्यावरून घे आणि उजवा कान धर. ज्याची बोटे कानाला पोचली तो कामाला. मालनने हात डोक्यावरून घेतला होता. बोटे पोचत नव्हती. थोडीच राहिली होती. मुकादम जवळ येत होता. तेव्हा मागे उभ्या असलेल्या आईने तिचे केस सारखे केल्यासारखे केले, आणि त्याच हाताने तिची मान खाली दाबली, दुसऱ्या हाताने कोपर वर रेटले; आणि बोटांच्या टोकांना कानाची पाळी लागली. मुकादम "कामाला" म्हणाला. तो हात मग काही दिवस मातीची पाटी डोक्यावर चढवायला होता. पुढे एका सकाळी पाटी दुसऱ्याच कोणीतरी चढवली. मरण असे काही तिने पाहिले नव्हते. फक्त हात बदलला होता.

"शास्त्रीबोवा," ती म्हणाली, "मला आई आठवते." आणि तिने सांगितले.

त्यांनी सर्व ऐकून घेतले. ते सहृदय होते. त्यांचे डोळेही भरून आले असावेत. पण ते म्हणाले, "बालपणीची आठवण स्वप्नासारखी असते. मावशी असेल, शेजारीण असेल. गणित चुकत नाही."

"मी तिला आई म्हणत होते."

"दुष्काळात कोणीही कोणाची आई होते, मालन."

हे खरे असू शकेल, हे तिला तत्काळ कळले. त्या भरावावर अनाथ पोरे आणि पोरे गमावलेल्या बाया यांना एकमेकांपासून वेगळे कोण काढणार होते? कदाचित खरी आई माघातल्या त्या रात्रीनंतर गेलीच असेल. कदाचित तो हात कोणा परक्या बाईचा असेल, जिने परक्याच पोरीची मान दाबली. पण मग ते दाबणे अधिकच मोठे होत होते, लहान होत नव्हते. मालन त्या विचाराभोवती घुटमळली आणि थांबली.

"मग तीच माझी आई," ती म्हणाली. "आपण काढलीत ती दुसऱ्या कोणाची तरी असेल."

"बरं, ती ओळ मी गाळतो." शास्त्रीबोवांनी घाईने पाटीवर बोट फिरवले. "हेडमास्तर काही मातृस्थान वाचणार नाहीत. त्यांना वर्षाशी काम."

त्यांचे ओले बोट त्या आकड्यांवरून फिरताना पाहून मालनला अतोनात वाईट वाटले, आणि ते स्वतःसाठी नव्हते. "शास्त्रीबोवा, आपणच शिकवलंत, श्लोकातला एक शब्द जड जातो म्हणून काढून टाकता येत नाही. काढला तर श्लोक मोडतो. आई गाळून उरलेलं खरं कसं राहील?"

"हा गर्व आहे."

"असेल."

"विद्यापीठ जाईल हातचं. त्याचं काय?"

"विद्यापीठ हवं आहे मला. फार हवं आहे. पण तिथे जाऊन बसायची ती मी असायला हवी."

शास्त्रीबोवांनी पंचांग मिटले, आसन गुंडाळले. ते पायरी उतरले. मग तळ्याच्या दिशेने निघून गेले. पाण्यात उतरणाऱ्या माणसाचा तो ओळखीचा आवाज अंगणापर्यंत येत नसे. तरी त्या दिवशी तो आल्यासारखा तिला वाटला.

गुरुवारचा सारा दिवस ती पाट्यावर वाटण वाटीत होती, आणि मनाशी भांडत होती. बोटे पोचत नव्हती, हे सत्य होते. म्हणजे त्या वेळी ती सहाची असेल, साडेसहाची असेल. मुकादमापुढे आईने जे केले त्याला लबाडी म्हणतात. मग शास्त्रीबोवांची पाटी नाकारण्याचा तिला अधिकार काय? एक खोटे आईचे म्हणून पवित्र, आणि दुसरे गुरूचे म्हणून त्याज्य? वरवंटा पुढे जाई, मागे येई. हळूहळू तिला दिसू लागले, की आईने तिला दुसऱ्या कोणाची केले नव्हते. आईने तिला फक्त पुढे ढकलले होते, जेथे अन्न होते तेथे. आणि त्या दिवशी सरकारच्या माणसाने तिला कामाच्या वयाची म्हणून स्वीकारले होते, तिच्या डोक्यावर माती दिली होती, आणि तिने ती वाहिली होती. त्या गोष्टीला आता अकरा वर्षे लोटली होती. सहाची धरा, सातची धरा. सोळा कधीच मागे पडली होती. माती वाहायला वय होते, आणि परीक्षेला बसायला ते नाहीसे झाले, हे कसे? तिच्या हातातला वरवंटा थांबला. दुःखाच्या तळाशी इतका वेळ जे दडून बसले होते, ते दुःख नव्हतेच. तो संताप होता, आणि तो अतिशय स्वच्छ होता.

"मिरच्या वाटतेस का कोणाची हाडं?" गंगुबाईने विचारले.

"उद्या ठाण्याला जाते आहे," मालन म्हणाली.

"जा बाई. निदान पाटा तरी वाचेल माझा."

शुक्रवारी बिट्रिसबाई बरोबर आल्या, पण हेडमास्तरांच्या खोलीत शिरताना मालनने त्यांना दारातच थांबायला सांगितले. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, म्हणजे दार जवळजवळ भरूनच गेले.

"मिळाली पत्रिका?" हेडमास्तरांनी विचारले.

"एक मिळत होती, रावसाहेब. घेतली नाही."

"का?"

"माझी नव्हती."

मग ती बोलू लागली. तिने भरावाचे सांगितले, मुकादमाचे सांगितले, हात डोक्यावरून घेण्याचे सांगितले. बोटे पोचत नव्हती हेही सांगितले, आणि मान कोणी दाबली हेही. एखादा सिद्धान्त मांडावा तसे क्रमाने, एकेका पायरीवर थांबून, पुढच्या पायरीला मागची पुरेशी आहे ना, हे पाहत. हेडमास्तर प्रारंभी टाकाशी चाळा करीत होते. मग तो चाळा थांबला.

"म्हणजे तू सातची नव्हतीस, असं तूच सांगतेस?"

"कदाचित सहाची. सहात अकरा मिळवा, रावसाहेब."

"पण याला पुरावा काय? त्या मुकादमाचा काही दाखला?"

"दाखला नाही. भराव आहे. त्याच्यावरून आज आगगाडी जाते, सरकारची डाक जाते, साहेबलोक जातात. माझ्या वयाविषयी तेव्हा कोणाला शंका आली नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "सरकारला माती टाकून घ्यायची होती तेव्हा मी जन्मलेली होते. आता पेपर लिहायचा आहे, तर जन्मलीस कधी म्हणून विचारतात."

दारातून बिट्रिसबाईंनी जोराने नाक शिंकरले. हेडमास्तर उठून खिडकीपाशी गेले. बाहेर मुले ओळीने वर्गात शिरत होती, प्रत्येकाच्या मागे बाप, आजा, गोत्र, गाव अशी एकेक अदृश्य ओळ. हा मनुष्य नियमाला भितो हे मालनला दिसत होते. पण चुकीच्या सिद्धान्ताला त्याहून अधिक भितो, हेही तिने मंगळवारी पाहिले होते, त्याच्या त्या "हं" मध्ये. तिने आणखी काही बोलायचे नाही असे ठरवले. मांडणी पूर्ण झाली होती.

ते परत येऊन बसले. अर्जाचा कागद पुढे ओढला. "उमेदवाराने दिलेल्या हकीगतीवरून," ते हळू, स्वतःशीच म्हणत लिहू लागले, "आणि मी स्वतः केलेल्या तपासावरून, वय सोळाच्या वर असल्याबद्दल माझी खात्री झाली आहे." येथे ते थांबले. "मुंबईहून हे परत येऊ शकतं. तुला ठाऊक आहे ना?"

"आलं तर मी पुन्हा येईन."

"आणि मी असा पायंडा पाडला, तर उद्या दुष्काळातलं प्रत्येक पोर या दारात येऊन उभं राहील. याचा विचार केला आहेस?"

"केला आहे," मालन म्हणाली. "मीच त्यांना इथला पत्ता देणार आहे."

हेडमास्तरांनी तिच्या तोंडाकडे पाहिले. मग टाक दौतीत बुडवला, आणि त्या ओळीखाली सही केली.